दोन टक्क्यांचे सर

ज्या खेळात पायापेक्षा हातच जास्त चालतात, त्याला अमेरिकेतले लोक फुटबॉल का म्हणतात हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. बोराटे सरांनी तो खेळ आयुष्यात एकदाही पाहिला नव्हता. तरी त्यांची नोकरी गेली ती त्याच खेळापायी.

तिकडे प्रशिक्षक मैदानाबाहेर उभा राहून प्रत्येक हल्ल्याची आखणी करतो आणि खेळाडूच्या शिरस्त्राणात बसवलेल्या यंत्रातून ती त्याच्या कानात सांगतो. साहजिकच संघ जिंकला की वाद सुरू. हल्ला फत्ते झाला तो बाहेरच्या डोक्यामुळे की आतल्या हातापायांमुळे? वर्षानुवर्षं लोक यावर घसा कोरडा करत होते. शेवटी एका विद्यापीठातल्या मंडळींनी या वादाचा निकाल लावणारं यंत्रच काढलं. तिथून ते बास्केटबॉलमध्ये गेलं, हॉकीत गेलं आणि महिला कबड्डी लीगच्या सातव्या हंगामात आपल्याकडे येऊन पोचलं. इकडे त्याचं बारसं झालं 'श्रेयमापक'. प्रत्येक संघानं ते बसवायचं आणि प्रशिक्षकाचा करार त्याचा आकडा पाहूनच पुढे वाढवायचा, असा लीगचा हुकूम निघाला.

कबड्डीत चढाई म्हणजे एकटीनं समोरच्या सातजणींच्या अंगणात घुसायचं, एका दमात कुणाला तरी शिवायचं आणि मधली रेषा गाठून परत यायचं. या चढाईत प्रशिक्षकाचा वाटा किती, हे श्रेयमापक सांगणार होता. त्याची रीत समजायला फार अवघड नाही. मॅटखाली दाब मोजणाऱ्या पट्ट्या, छताला चोवीस कॅमेरे आणि प्रत्येक खेळाडूच्या जर्सीत शिवलेली एक पातळ चकती. दोन महिने हे सगळं टिपून घेतलं की संगणकात त्या खेळाडूचं प्रतिरूप तयार होतं. समोरून अमुक पकड आली तर ही मुलगी डावीकडे झुकेल की उडी मारेल, हे ते प्रतिरूप दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगतं. मग यंत्र तीच मॅच संगणकात हजारो वेळा खेळवतं. आधी प्रशिक्षकाच्या खऱ्या सूचना ठेवून, मग त्या काढून त्या जागी बेताच्या कुवतीच्या प्रशिक्षकाच्या सूचना घालून. चढाईच्या गुणांत जो फरक पडेल तो प्रशिक्षकाचा वाटा. सूचना म्हणजे बोललेलं वाक्य, हातवारा, फळ्यावरची आकृती, शिट्टी. यातलं काहीही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

आता बोराटे सर यातलं काहीच करत नसत, त्याला कोण काय करणार?

विट्याच्या येरळा संघाचे ते अकरा वर्षं प्रशिक्षक होते. त्याआधी वीस वर्षं शाळेत खेळाचे मास्तर. मॅच चालू असताना ते बाकावर मांडी घालून बसत, खिशातले फुटाणे एकेक करून तोंडात टाकत आणि दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक बेंबीच्या देठापासून ओरडत असला की त्याच्याकडे कौतुकानं बघत. विश्रांतीत मुली भोवती जमल्या की म्हणत, "पाणी प्या. सावकाश प्या." एवढाच काय तो उपदेश. आणि एवढ्या उपदेशावर येरळा संघ चार वेळा विजेता ठरला होता. बाकीच्या संघांना बापजन्मी सुचले नसते असे डाव येरळाच्या मुली चढाईत करत.

श्रेयमापकाचा पहिला अहवाल आला. प्रशिक्षकाचा वाटा, एक पूर्णांक आठ दशांश टक्के. लीगमध्ये तळाचा. शेवटून दुसऱ्याचाही एकोणीस होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानं आकडा पूर्णांकात आणून मथळा दिला, 'दोन टक्क्यांचे सर'. गाव म्हटलं की अशा गोष्टीला किती वेळ लागतो? आठवड्याभरात भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ते नाव पाठ झालं.

सगळ्यात जास्त संतापली ती तृप्ती निकम. तेहतीस वर्षांची तृप्ती संघाची सहप्रशिक्षक होती आणि आठवीपासून सरांची विद्यार्थिनी. आपल्या काळात ती देशातली पहिल्या तीनांतली चढाईपटू होती, आणि तिच्या नावाचा एक डाव अजून सगळीकडे खेळला जायचा. परत येताना उजव्या अंगाला घसरल्यासारखं करायचं, डावा हात जमिनीला टेकायचा आणि उजवा पाय मागे फेकून पाठलाग करणारीला टाचेनं शिवायचं. लोक त्याला 'तृप्तीची घसर' म्हणत. लीगच्या पुस्तकात तो तिच्या नावानं छापलेला होता. पंधराव्या वर्षी, कुणी न शिकवता, स्वतः काढलेला डाव. त्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

ती तरातरा यंत्र सांभाळणाऱ्या नूपुर वैद्यकडे गेली. नूपुर लीगची अभियंता, पुण्याची, कामाला चोख आणि बोलायला सरळ.

"तुमचं यंत्र चुकतंय," तृप्ती म्हणाली. "सरांच्या सूचना काढून तुम्ही मुली तशाच ठेवता. पण त्या मुली घडवल्या कुणी? त्यांच्या हातापायांत सरच आहेत. ते तुम्ही मुलींच्या नावावर घालताय."

नूपुरनं मान हलवली. "बरोबर आहे तुमचं. हा दोष आम्हांला माहीत आहे. म्हणून तर लीगनं मूळ-पत्रक ठेवलंय. प्रत्येक खेळाडूनं आपले मुख्य डाव लिहायचे आणि कोणाकडून शिकली ते समोर लिहायचं. संघातून खेळलेल्या जुन्या खेळाडूंनीही. सरांचं नाव आलं की तेवढं श्रेय मुलींकडून काढून त्यांना देते. तीसच्या वर जातील ते."

"मग झालंच की!" तृप्ती म्हणाली. तिनं तिथल्या तिथे आपलं पत्रक भरून टाकलं. घसर. कोणाकडून शिकलात? तिनं लिहिलं, 'स्वतः'. जे खरं ते खरं. बाकीच्या अकरा मुली सरांचं नाव लिहिणारच होत्या.

अकरा मुलींनी मिळून चौतीस डाव लिहिले, आणि चौतीसच्या चौतीस डावांसमोर लिहिलं, 'स्वतः'.

तृप्तीच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं कर्णधार मनाली कोळेकरला सरावातूनच बाहेर बोलावलं. मनाली तेव्हा वीस वर्षांची, आटपाडीकडची. हातात हात धरून उभ्या असलेल्या पकडणाऱ्यांच्या साखळीवरून ती उडी मारून जायची, आणि ती उडी बघायला लोक तिकीट काढून यायचे.

"लाज नाही वाटत? ज्या माणसानं तुम्हांला मोठं केलं, त्याचं नाव लिहायला हात दुखला होय गं?"

मनालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हटली नाही. "ताई, सरांसाठी मी जीव देईन. पण खोटं कसं लिहू? ही उडी माझी मीच काढलीया. सर तर मलाच विचारत होते, कसं केलंस, परत करून दाव. सगळ्यांचं तसंच झालंय. विचारा की कुणालाबी."

तृप्तीनं विचारलं. प्रत्येकीचं तसंच झालं होतं. सराव चालू असताना अचानक काहीतरी सुचलं, सरांनी ते नवलानं पाहिलं आणि परत करायला लावलं. एकीचं नाही, दोघींचं नाही, अकराच्या अकराजणींचं. तृप्तीला पहिल्यांदा शंका आली. एवढं सगळ्यांना एकाच मैदानावर कसं सुचतं?

त्याच दिवशी ती सरांच्या घरी गेली. सर अंगणात शेंगा सोलत बसले होते. चौतीस डाव, चौतीस वेळा 'स्वतः', हे ऐकून ते इतके खूश झाले की शेंगांची पाटी लवंडली.

"सगळ्यांनी? एकीनंही माझं नाव नाही घातलं?"

"हसताय काय सर? नोकरी जाईल तुमची."

"आगं, म्हंजे जमलं की मला! एकीलाबी कळलं नाही."

मग तिनं खोदून खोदून विचारलं, आणि सरांनी हळूहळू सांगितलं. मनालीच्या पायांत उडी आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तिला ते काही बोलले नाहीत. फक्त पाच महिने तिच्यासमोर सरावाला बुटक्या मुलींची साखळी लावली. वाकून जायला जागा नाही, बाजूनं जायला जागा नाही. एक दिवस ती वरून गेली. प्रत्येकीचं असंच काहीतरी. कुणाला दोन महिने चुकीच्या बाजूनं उभं केलं, कुणाच्या समोर तिची लाडकी मैत्रीण ठेवली.

"डाव शिकवला ना तृप्ती, तर पोरगी तो आठवून खेळती. आठवेस्तवर पकडली जाती. स्वतःचा असला की अंगातनं येतो. आई जशी पोराला चालायला लावती, तसंच ते. आपण हात सोडला हे त्याला कळू द्यायचं नसतंय."

मग जे विचारायला नको होतं ते तिनं विचारलं. "सर, माझी घसर?"

सरांनी शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले. "जाऊ दे ते."

"सांगा सर."

"शाळेच्या मैदानाला उजव्या कोपऱ्यात नळ होता. आठवतो?"

आठवत होता. वर्षभर गळायचा. त्या कोपऱ्यात सदा चिखल, आणि परतताना तिचा उजवा पाय नेमका तिथेच सरकायचा. तिनं हेडमास्तरांकडे तक्रारसुद्धा केली होती.

"नळ गळत नव्हता," सर म्हणाले. "मी सोडत होतो. तू उजव्या पायावर फार भार द्यायचीस. तो भार काढायचा तर पाय घसरायलाच पायजे होता. हात टेकून टाच मागं फेकायचं मात्र तुझं तूच केलंस हां. तेवढं काय मला सुचलं नव्हतं."

त्यांनी ते किती मायेनं म्हटलं! पण तृप्तीला ते बोचलं. अठरा वर्षं जे आपलं म्हणून मिरवलं, त्याच्या खाली कुणीतरी पाणी सोडून ठेवलं होतं.

उठताना सर म्हणाले, "पोरींना यातलं सांगू नकोस. एकदा का कळलं की त्यांच्या पायातलं बळ जाईल."

ती तशीच नूपुरकडे गेली आणि आडवळणानं विचारलं. समजा एखादा प्रशिक्षक सूचना न देता, नुसती परिस्थिती रचून शिकवत असेल तर?

नूपुर एकदम सावरून बसली. "तर फेरमोजणी लावता येईल. संघानं गेल्या सगळ्या हंगामांत घेतलेली सरावाची चित्रणं आहेत माझ्याकडे. पण यंत्राला काय शोधायचं ते आधी सांगावं लागतं. प्रशिक्षकानं स्वतःबद्दल सांगितलेलं चालत नाही. ज्याच्यावर तो प्रयोग झाला त्यानं लिहून द्यायला हवं. एका जरी खेळाडूनं दिलं तरी पुरे. पत्रकात दुरुस्ती सोमवारी पाचपर्यंत करता येईल."

शनिवारी संघाच्या मालकीण पोतनीसबाईंनी तृप्तीला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. सरांबद्दल बोलताना त्यांचा आवाज जड झाला होता. पण लीगचा नियम होता, आणि दोन टक्क्यांच्या माणसाचा करार वाढवणं त्यांच्या हातात नव्हतं.

"त्यांच्या जागी तू ये," बाई म्हणाल्या. "यंत्रानं जुन्या खेळाडूंचीही यादी काढली आहे. स्वतःच्या डोक्यानं डाव काढणाऱ्यांत तू महाराष्ट्रात पहिली आहेस. घसरीमुळे. असा माणूस मुख्य प्रशिक्षक हवा, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं."

तृप्ती विचार करून सांगते म्हणाली.

सोमवारी दुपारी तिनं पत्रक उघडलं. 'स्वतः' हा शब्द खोडून तिथे चार ओळी लिहायच्या होत्या. शाळा, कोपरा, नळ, सर. तेवढ्यावर नूपुरनं पुढचं सगळं केलं असतं आणि सर राहिले असते. पण घसरीवरचं तिचं नाव गेलं असतं, यादीतला पहिला नंबर गेला असता आणि ती होती तिथेच राहिली असती, सरांच्या शेजारी बाकावर. पत्रकं लीगच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतात, मुली वाचतील, आणि सरांनीच तर सांगितलंय की मुलींना कळू देऊ नकोस. या विचारानं तिला फार बरं वाटलं. सर मुलींच्या भल्यासाठी बोलले होते आणि आपण ते स्वतःच्या भल्यासाठी वापरतोय, हे तिला चांगलं कळत होतं. तिच्या घसरीबद्दल लिहू नकोस असं काही सर म्हणाले नव्हते. पाच वाजले तेव्हा ती पत्रकासमोरच बसलेली होती. पाच वाजून एक मिनिटानं पडद्यावर आलं, मुदत संपली.

दोन दिवसांनी सर आपलं सामान न्यायला आले. सामान कसलं, एक शिट्टी, जी त्यांनी कधी वाजवली नव्हती, आणि फुटाण्याचा डबा.

"नूपुर भेटली होती. पत्रकाची मुदत सोमवारपर्यंत होती म्हणे," सर म्हणाले.

"हो सर."

"बरं."

ते गेले. फाटकापर्यंत सोडायला जावं असं तिला वाटलं, पण पाय उचलला नाही.

पुढची तीन वर्षं तृप्ती मुख्य प्रशिक्षक होती. आता ती ओरडायची, हात नाचवायची, फळ्यावर बाण काढायची. मनाली साखळीसमोर गेली की ती बाहेरून ओरडे, "उडी!" आणि मनाली उडी मारे. यंत्राच्या हिशेबी ती तृप्तीची सूचना. तिचा आकडा सदतीसवर गेला आणि लीगनं तिला चषक दिला. संघात नव्या मुली आल्या, त्यांनी सांगितलेले डाव सांगितल्यासारखे केले. नवीन डाव असा तीन वर्षांत एकही निघाला नाही. तृप्तीनं एकदा गुपचूप बुटक्या मुलींची साखळी लावूनही पाहिली. दुसऱ्याच आठवड्यात तिचा धीर सुटला आणि तिनं काय करायचं ते सांगून टाकलं.

सरांना कुठे काम मिळालं नाही. शाळांच्या समित्यासुद्धा आकडा विचारू लागल्या होत्या. ते मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत बसत. दळणाला आलेली पोरंटोरं मागून "दोन टक्के" ओरडत पळायची. तृप्ती दळण दुसऱ्या गिरणीत पाठवायची.

मग श्रेयमापकाची नवी आवृत्ती आली. अमेरिकेतच कुणीतरी तो दोष दूर केला होता. आता यंत्र नुसत्या सूचना मोजत नव्हतं, सरावात कुणासमोर कोण होतं, किती दिवस होतं, जमीन कशी होती, हेही पाहत होतं. नूपुरनं येरळा संघाची जुनी चित्रणं त्यात घातली आणि चौतीसपैकी एकतीस डावांच्या मागे सर निघाले. वाटा एकसष्ट टक्के, लीगच्या इतिहासात सगळ्यात मोठा. तृप्तीचे सदतीस सहावर आले.

ज्यांनी हिणवलं त्यांनीच फटाके फोडले. अहवाल मुलींच्याही फोनवर गेला होता. मनालीनं तो वाचला आणि तृप्तीसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, माझी उडी बारा टक्के माझी आहे म्हणतंय." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्हांला ठाऊक होतं?"

"नाही गं," तृप्ती म्हणाली. इतकं सफाईनं खोटं बोलता येतं हे तिचं तिलाच नवल वाटलं.

विट्याच्या नाट्यगृहात सरांचा सत्कार झाला. सर वाळले होते, नवा सदरा खांद्यावर लोंबत होता. पण ते बोलायला उभे राहिले आणि तीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं त्या दिवशी बोलले. यंत्रानं सगळं उघडं केलंच होतं, आता लपवायचं काय? एकेका मुलीला त्यांनी व्यासपीठावर बोलावलं आणि तिचा डाव तिच्यात कसा पेरला त्याची गंमत सांगितली. मनाली खाली मान घालून आली. सर म्हणाले, "साखळी मी लावली, पण पाच महिने रोज पडून बी हिनं दम सोडला नाही. बारा टक्के म्हणतंय ते यंत्र. त्याला म्हणावं, एकदा पड की तसं!" लोक हसले, आणि मनाली सरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. अकराजणी झाल्या. प्रत्येकीला वाटलं, आपलं काही गेलं नाही, उलट आपल्याला सर मिळाले.

तृप्ती पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या शाळेच्या मैदानाला कॅमेरे नव्हते. तो नळ केव्हाच काढून टाकलेला. तिच्या घसरीचं खरं काय ते जगात दोघांनाच माहीत होतं, आणि आता सर ते सांगणार होते. सांगू देत, असं तिला मनापासून वाटलं. चारचौघांत लाज निघेल, निघू दे. नाव जाईल, जाऊ दे. पण त्या अकराजणींच्या रांगेत तिलाही उभं राहायचं होतं.

"आता आपली तृप्ती," सर म्हणाले. "ये गं वर."

ती गेली. सरांनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. परक्या माणसाकडे बघावं तसं ते बघत होते.

"या बाईंना मी काहीच शिकवलं नाही," सर माइकमध्ये म्हणाले. "आठवीपासून माझ्याकडं होत्या, पण सगळं त्यांचं स्वतःचं. माझा वाटा शून्य. हे मी खात्रीनं सांगतो."

नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या मोठ्या गुरूनं भरसभेत केलेलं एवढं कौतुक लोकांनी याआधी कधी ऐकलं नव्हतं. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. तृप्तीनं हात जोडले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. हळूहळू लोक खाली बसले, तरी सर टाळ्या वाजवतच राहिले.